मिशाळ आई : गिजुभाई बधेका आणि बाळ येण्याआधीचा पालकवर्ग



डी.एड.ला असताना गिजुभाई बधेका हे नाव माझ्यासाठी पाच गुणांच्या टिपेपुरतंच होतं. जन्म अमुक साली, संस्था अमुक, पुस्तक दिवास्वप्न, टोपणनाव मिशाळ आई. तुमच्यापैकी अनेकांनी असंच पाठ केलं असेल. परीक्षा झाली आणि मी टीप विसरून गेलो.

गिजुभाई पुन्हा भेटले ते माझ्या एका चुकीमुळे. माझी मुलगी तीन वर्षांची होती. वर्षअखेरीला मी घरी निकालपत्रकं करत बसलो होतो. ती खेळता खेळता आली आणि चहाचा कप नोंदवहीवर कलंडला. वर्षभराच्या नोंदी भिजल्या आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही. दाराआड जाऊन उभी राहिली. नंतर दोन दिवस मी हात पुढे केला की ती मान आत ओढून घ्यायची. त्याच आठवड्यात पालकसभेत मी इतरांना मुलांवर हात उगारू नका असं सांगून आलो होतो. माझ्याकडे पदविका होती, बालमानसशास्त्राचा पेपर पास झालेला होता, वर्गावरचा अनुभव होता. पण बाप व्हायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी कुणाला विचारलं नव्हतं.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गिजुभाई वाचायला घेतले. तेव्हा कळलं की हा माणूस मुळात शिक्षक नव्हताच. तो वकील होता. बाप झाला म्हणून तो शिक्षणाकडे वळला. आज त्यांचं चरित्र मी तुम्हाला याच बाजूने सांगणार आहे.

चितळ ते वढवाण

गिजुभाईंचं पूर्ण नाव गिरिजाशंकर भगवानजी बधेका. जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातल्या चितळ या गावी झाला. बालपण वळा, म्हणजे आजच्या वल्लभीपूर भागात गेलं आणि पुढचं शिक्षण भावनगरला झालं. त्या काळच्या शाळा कशा होत्या ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडून आपण ऐकलेलं आहे. पाठांतर, छडी आणि मास्तरांचा धाक. घरातही मुलांना वेगळं काही मिळत नसे. मूल म्हणजे छोटं माणूस, त्याला वळण लावायचं, आणि वळण लावायचं म्हणजे दटावायचं, एवढंच बहुतेकांना ठाऊक होतं.

१९०७ साली पोटापाण्यासाठी गिजुभाई पूर्व आफ्रिकेला गेले. दोनेक वर्षांनी परत आले, मुंबईला कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाण कॅम्पमध्ये, म्हणजे आजच्या सुरेंद्रनगरमध्ये वकिली सुरू केली. हुशार होते, कष्टाळू होते. वकिली चालली असती आणि आपण त्यांचं नावही ऐकलं नसतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्या १९०७ साली गिजुभाई आफ्रिकेला निघाले, त्याच वर्षी जानेवारीत रोम शहराच्या एका गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपलं पहिलं बालगृह सुरू केलं होतं. त्यांच्या पद्धतीवरचं पुस्तक १९१२ मध्ये इंग्रजीत आलं. म्हणजे वढवाणच्या वकिलाला जे लागणार होतं, ते त्याला गरज पडण्याच्या जरा आधीच तयार झालं होतं.

बाप झालेला वकील

१९१३ साली गिजुभाईंना मुलगा झाला. त्याचं नाव नरेंद्र. घरात मूल आलं आणि या मुलाला वाढवायचं कसं, हा प्रश्न वकीलसाहेबांपुढे उभा राहिला. हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो, पण आपण तो चटकन बाजूला सारतो. आपल्याला जसं वाढवलं तसंच वाढवायचं, त्यात काय एवढं, असं म्हणून मोकळे होतो. गिजुभाई तसे मोकळे झाले नाहीत. आपण जसे शिकलो तसं आपल्या मुलाने शिकू नये, हे त्यांना पक्कं वाटत होतं. पण मग कसं, हे माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी एखाद्या खटल्याचा अभ्यास करावा तसा या प्रश्नाचा अभ्यास सुरू केला.

वसो हे खेडा जिल्ह्यातलं गाव. तिथले मोतीभाई अमीन हे बडोदा संस्थानातल्या ग्रंथालय चळवळीचे मोठे कार्यकर्ते होते. गिजुभाई त्यांच्याकडे गेले. माँटेसरी पद्धतीची ओळख त्यांना तिथे झाली, पुस्तकं मिळाली. ती वाचून त्यांना एक नवीच गोष्ट कळली. मुलात स्वतःहून शिकण्याची, स्वतःचं काम स्वतः करण्याची ओढ असते. मोठ्यांनी ती ओढ मारू नये, तिला जागा करून द्यावी. आज हे वाक्य आपण प्रशिक्षणात शंभरदा ऐकतो. पण ज्या काळात मुलाने तोंड वर करून बोलणंसुद्धा उद्धटपणा मानला जाई, त्या काळात एका बापाला हे वाचून काय वाटलं असेल, याची कल्पना करून पाहा.

भावनगरला १९१० साली नानाभाई भट्ट यांनी दक्षिणामूर्ती हे विद्यार्थी वसतिगृह सुरू केलं होतं. गिजुभाईंचा त्या कामाशी संबंध आला आणि १९१६ मध्ये त्यांनी वकिली सोडून दक्षिणामूर्तीत काम धरलं. घरात लहान मूल, हातात चालू धंदा, आणि माणूस वसतिगृहाचं काम पत्करतो. आजच्या भाषेत बोलायचं तर चांगलं पॅकेज सोडून मानधनावर आला.

मागे मागे जाणारा शिक्षक

आता त्यांच्या आयुष्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग सांगतो.

दक्षिणामूर्तीत गिजुभाईंनी आधी मोठ्या मुलांबरोबर काम केलं. वसतिगृह पाहिलं, मग विनयमंदिर म्हणजे माध्यमिक शाळा सांभाळली. काही वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की ही मुलं आपल्याकडे येतात तेव्हा बरंचसं घडून गेलेलं असतं. भीती बसलेली असते, खोटं बोलायची सवय लागलेली असते, प्रश्न विचारायचे बंद झालेले असतात. आपण फक्त डागडुजी करतो. खरं काम करायचं तर याआधी सुरुवात करायला हवी.

म्हणून ते मागे गेले. ऑगस्ट १९२० मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केलं, तेही अडीच वर्षांपासूनच्या मुलांसाठी. १९२२ मध्ये तख्तेश्वरच्या टेकडीजवळ बालमंदिराची स्वतंत्र वास्तू उभी राहिली. तिचं उद्घाटन कस्तुरबा गांधींच्या हस्ते झालं.

या बालमंदिरात काय होतं? मार नव्हता. बक्षिसाचं आमिष नव्हतं. पहिला-दुसरा नंबर नव्हता. माँटेसरीबाईंची साधनं होती, पण गिजुभाईंनी ती डोळे झाकून उचलली नाहीत. इथली माती, इथली गाणी, इथले खेळ, नाटक हे सगळं त्यांनी आत आणलं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गोष्टी आणल्या. आजीच्या तोंडच्या लोककथा त्यांनी गोळा केल्या, मुलांच्या बोलीत पुन्हा लिहिल्या आणि रोज सांगितल्या. भरघोस मिशांचा एक पुरुष लहान मुलांच्या घोळक्यात बसून गोष्टी सांगतो, हात-तोंड धुवायला मदत करतो, नखं-केस पाहतो. लोकांनी त्यांना मूछाळी मा म्हणजे मिशाळ आई म्हटलं ते उगीच नाही.

आता एक साधा हिशोब करू. नरेंद्रचा जन्म १९१३ चा आणि बालमंदिर सुरू झालं १९२० मध्ये. म्हणजे ज्या मुलासाठी या माणसाने शोध सुरू केला, तो मुलगा अडीच वर्षांच्या मुलांची शाळा उघडली तेव्हा सात वर्षांचा झाला होता. घरी त्याला बापाच्या नव्या विचारांचा फायदा झालाच असेल. पण हिशोब काही बदलत नाही. आईबाप शिकेपर्यंत मूल थांबत नाही, ते वाढतच असतं.

हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा मला माझी दाराआड उभी राहिलेली मुलगी आठवली.

मुलांच्या शाळेतून आईबापांकडे

बालमंदिर चालू लागल्यावर गिजुभाई आणखी एक पाऊल मागे गेले. मूल दिवसातले काही तास बालमंदिरात असतं, बाकी वेळ घरी. बालमंदिरात आपण त्याला स्वतःचे कपडे स्वतः घालू देतो आणि घरी आई घाईत ओढून घालते. इथे कुणी घाबरवत नाही आणि घरी बागुलबुवा येतो. मग काम होणार कसं? आईबापांशी बोलल्याशिवाय गत्यंतर नाही.

१९२३ मध्ये आपल्या ताराबाई मोडक भावनगरला येऊन त्यांच्या कामात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिका नावाचं मासिक गुजरातीतून निघू लागलं, पुढे ते मराठीतूनही निघालं. शिक्षक आणि पालक हे दोघेही त्याचे वाचक होते. गिजुभाईंनी पालकांसाठी वेगळी पुस्तकं लिहिली. आईबाप होणं अवघड आहे, अशा अर्थाचं एका पुस्तकाचं नाव आहे. दुसऱ्याचं नाव ही कसली डोकेफोड, अशा अर्थाचं आहे. नावांवरूनच कळतं की ते पालकांवर डाफरत नव्हते. त्यांच्याशी घरातल्या रोजच्या गोष्टी बोलत होते. मूल का रडतं, का हट्ट करतं, आपण पाहुण्यांसमोर त्याला गाणं म्हणायला का लावतो, नको म्हटलं की रागावतो का. लहान-मोठी मिळून सुमारे दोनशे पुस्तकं-पुस्तिका त्यांच्या नावावर आहेत. त्यातली बरीच मुलांसाठी आहेत, पण मोठ्यांना सुधारण्यासाठीही कमी नाहीत.

दिवास्वप्न तुम्ही वाचलं असेलच. नसेल तर जरूर वाचा, मराठीत उपलब्ध आहे. त्यातला शिक्षक बरीच तयारी करून चौथीच्या वर्गावर जातो आणि पहिल्याच दिवशी त्याचा फज्जा उडतो. शांततेचा खेळ घ्यायला जातो तर वर्गात गोंधळ माजतो. मग तो वही बाजूला ठेवतो आणि दुसऱ्या दिवसापासून गोष्टी सांगायला लागतो. मला हा प्रसंग पालकांसाठीही फार मोलाचा वाटतो. तयारी केली म्हणजे सगळं सुरळीत होईल असं नाही. पण तयारी केलेला माणूस पहिल्या दिवशी हरला तरी मुलावर राग काढत नाही. आपलं काय चुकलं ते पाहतो.

१९३६ मध्ये गिजुभाई दक्षिणामूर्तीतून बाहेर पडले. शेवटच्या काळात राजकोटला शिक्षक घडवण्याच्या कामात होते. तब्येत साथ देत नव्हती. २३ जून १९३९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय अवघं ५३. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सुमारास डॉ. माँटेसरी पहिल्यांदा भारतात आल्या. ज्यांच्या पुस्तकाने एका बापाचं आयुष्य बदललं, त्या भारतात आल्या तेव्हा तो माणूस काही महिन्यांपूर्वीच गेलेला होता.

काम मात्र थांबलं नाही. ताराबाई मुंबईला आल्या, दादरला शिशुविहार उभं राहिलं. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, या विचारातून अंगणवाडी हा शब्द आला. आज देशभर गावोगावी हा शब्द आहे. पण त्याचं मूळ एका वढवाणच्या बापाच्या काळजीपर्यंत जातं, हे आपल्याला माहीत नसतं.

आता आपलं पाऊल

वाचकहो, गिजुभाईंची वाट पुन्हा एकदा पाहा. माध्यमिक शाळेतून बालमंदिराकडे, बालमंदिरातून आईबापांकडे. प्रत्येक वेळी ते एक पायरी मागे गेले. त्यांनी गरोदर मातांचे वर्ग घेतले असा माझा दावा नाही. पण याच वाटेने पुढची पायरी शोधली तर ती तीच येते. बाळ येण्याआधी आईबापांशी बोलायचं.

आपल्याकडे बाळ येणार म्हटल्यावर तयारी कमी नसते. डोहाळजेवण होतं. काय खावं, काय खाऊ नये हे दहा बायका सांगतात. अंगणवाडीत नोंद होते, आशाताई घरी येतात, लोहाच्या गोळ्या मिळतात, लसीकरण होतं. हे सगळं हवंच. शहरात गर्भसंस्काराचे वर्गही असतात, तिथे गरोदरपणात काय ऐकावं, काय वाचावं ते सांगतात. पण बाळ रात्री दोन वाजता थांबायचं नाव घेत नाही तेव्हा आपण कसं वागायचं, हे फार थोडे लोक सांगतात. आणि बापाला तर कुणी बोलावतच नाही.

गेल्या वर्षी आमच्या गावातल्या अंगणवाडीताईंशी मी हे बोललो. ओटीभरणाच्या कार्यक्रमाला जोडून आम्ही चार छोटे वर्ग घेतले, महिन्याला एक, तासाभराचा. गरोदर ताई, त्यांचे नवरे आणि शक्य असेल तर सासूबाई. तुम्हालाही करता यावेत म्हणून थोडक्यात लिहितो.

पहिला वर्ग, रडणं. बाळाला दुसरी भाषा नसते. भूक, ओलं, झोप, पोटात दुखणं, नुसती जवळ घ्यायची गरज, सगळं ते रडूनच सांगतं. ते आपल्याला त्रास द्यायला रडत नाही. आपला तोल सुटतोय असं वाटलं तर बाळाला सुरक्षित ठेवून दुसऱ्याला हाक मारा, पण त्याला गदागदा हलवू नका. त्याने बाळाच्या मेंदूला इजा होऊ शकते.

दुसरा वर्ग, बोलणं. शेवटच्या महिन्यांत पोटातल्या बाळाला आवाज ऐकू येतात आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखतं. मग बोलायला वर्षभर कशाला थांबायचं? अंघोळ घालताना, तेल लावताना बोला, गा, गोष्ट सांगा. पुस्तकी भाषेत नको, आपल्या घरच्या बोलीत. आमच्याकडे अहिराणी बोलतात, तर अहिराणीत.

तिसरा वर्ग, धाक आणि आमिष. बागुलबुवा, पोलीस, सुई टोचणारा डॉक्टर यांची भीती का घालायची नाही. मारून मूल काय शिकतं. इथे मी माझी चहाच्या कपाची गोष्ट सांगितली. गुरुजीच चुकले म्हटल्यावर खोलीतला ताण कमी झाला आणि लोक आपापलं बोलायला लागले.

चौथा वर्ग, बापाचं काम. यात गिजुभाईंचा फोटो दाखवला आणि मिशाळ आईची गोष्ट सांगितली. लंगोट बदलणं, रात्री उठणं, बाळाला खांद्यावर घेऊन फिरणं ही बाईची कामं नाहीत, घरातल्या माणसांची कामं आहेत.

अनुभवातून दोन सूचना. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं, सातव्या महिन्यानंतर ताई माहेरी जातात. म्हणून वर्ग चौथ्या महिन्यापासूनच सुरू करा. आणि ऊसतोडीला जाणारी कुटुंबं असतील तर दसऱ्याच्या आधीच त्यांच्यासाठी वेळ काढा, नाहीतर ती सापडणार नाहीत.

पहिल्या वर्गाला सात ताई आल्या आणि नवरे दोनच. तेही दाराबाहेर चपलांपाशी उभे. चौथ्या वर्गाला पाच जण आले आणि आत बसले. यश म्हणण्याइतकं हे मोठं नाही. पण परवा त्या पाचांपैकी एक जण मला बसस्टँडवर भेटला. कडेवर सहा महिन्यांचं बाळ होतं, बायको पिशवी घेऊन मागे उभी होती. बाळ कुरकुरत होतं आणि हा पठ्ठ्या अहिराणीत त्याला कोल्ह्याची गोष्ट सांगत होता. आजूबाजूची माणसं हसत होती. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

माझी मुलगी आता दुसरीत आहे. त्या धपाट्याची तिला आठवण नाही, मला आहे. तुमच्या गावात या महिन्यात कुणाकुणाकडे बाळ येणार आहे, ते आशाताईंना विचारा. यादी त्यांच्या वहीत तयारच असते. एक तास ठरवा. आणि बोलावणं देताना बाळाच्या बाबालाही नावानिशी बोलवा.